एससीएक्स१० टू वर कार्बनची एलसीजी चॅसिस कशी चढवायची, मी केलं त्या क्रमाने सगळं

यंदा ॲक्सियल एससीएक्स१० टू या रिमोटवर चालणाऱ्या, दगड चढणाऱ्या मॉडेल गाडीची (अशा गाडीला क्रॉलर म्हणतात) स्टॉक, म्हणजे मूळची, चॅसिस काढून कार्बन फायबरची एलसीजी चॅसिस बसवली आणि तेव्हापासून ओळखीतले क्रॉलरवाले एकच विचारतायत, की नवीन प्लेटा आणल्या, जुन्याचे स्क्रू काढून नव्याला लावले, झालं ना? नाही झालं. प्लेटा बदलायला दोन तास लागतात, पण लिंकची (एक्सल चॅसिसला जोडणाऱ्या दांड्यांची) लांबी, स्टिअरिंग, प्रोपेलर शाफ्ट, बॅटरीची जागा, बॉडीचे पोस्ट हे सगळं त्या प्लेटांबरोबर हलतं, आणि ते नीट नाही जमवलं तर गाडी आधीपेक्षा वाईट चढते. म्हणून मी कसं केलं ते सविस्तर लिहितोय. गाडी दुसरी असली, म्हणजे ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ किंवा छोटी एससीएक्स२४, टीआरएक्स-४एम, तरी विचार तोच आहे, फक्त मापं आणि स्क्रू बदलतील.

आधी हे का करायचं ते. एससीएक्स१० टू २०१६ साली आली, व्हीलबेस साधारण ३१३ मिमी, आणि तिची चॅसिस खऱ्या जीपसारखी आहे, दोन्ही बाजूंना स्टीलचे सी आकाराचे रेल आणि मध्ये जोड. दिसायला एकदम झकास. पण ते रेल वर असतात आणि बॅटरी, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा डबा), रिसिव्हर हे सगळं त्यांच्याही वर चढून बसतं. मग तिरप्या कातळावर गाडी आडवी घातली की वरचं वजन उताराच्या बाजूला ओढतं आणि गाडी कलंडते. एलसीजी म्हणजे लो सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी. या चॅसिसमध्ये साइड प्लेट बारीक आणि खाली असतात, स्किड प्लेट (पोटाखालची प्लेट) त्यांच्याच रेषेत येते, गिअरबॉक्स खाली बसतो, बॅटरी पुढच्या एक्सलच्या आसपास खाली जाते. मोटर तीच, टायर तेच, आणि तरी गाडी वेगळ्याच रेषा घ्यायला लागते.

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मोजमाप करा. हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं, दुसऱ्या गाडीला केलं, आणि आता कोणालाही सांगताना इथूनच सुरू करतो. एक प्लायवूडची फळी घ्या, तिच्यावर गाडी आडवी ठेवा, बॉडी आणि बॅटरीसकट, फळीची एक कड हळूहळू उचला. खालच्या बाजूचे टायर घसरत असतील तर त्यांना टेकू म्हणून बारीक पट्टी ठोका, १० मिमीपेक्षा उंच नको. वरच्या बाजूचे दोन्ही टायर सुटले की थांबा आणि मोबाईलमधल्या लेव्हल ॲपने फळीचा कोन बघा. माझी गाडी तेव्हा ३९ अंशाला सुटली. टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत रुंदी २३० मिमी, म्हणजे अर्धी ११५, तिला त्या कोनाच्या टॅनने भागलं की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमिनीपासून किती वर आहे ते साधारण कळतं. ११५ भागिले ०.८१ म्हणजे १४२ मिमी. सस्पेन्शन एका बाजूला झुकतं म्हणून हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येतो, पण आधी आणि नंतर एकाच पद्धतीने मोजलं की तुलना बरोबर होते.

दुसरं माप पुढचं-मागचं वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, पुढची दोन चाकं काट्यावर आणि मागची दोन तेवढ्याच जाडीच्या पुस्तकावर, नाहीतर आकडा चुकतो. मग उलटं. माझी एकूण २६२० ग्रॅम होती, पुढे १३६० म्हणजे ५२ टक्के. चढ चढताना वजन आपोआप मागे जातं, त्यामुळे सपाटीवर ५२ म्हणजे चढावर पुढचे टायर जवळजवळ हलकेच. साठच्या आसपास न्यायचं हे मी ठरवलं. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढचा प्रत्येक निर्णय यांच्यावरून घ्यायचा.

आता खरेदी. इथे घाई नडते. चॅसिसचं नाव बघून ऑर्डर करू नका, तिच्यात काय काय बसतं ते बघा. एससीएक्स१० टू चंच उदाहरण, किट म्हणून आलेल्या गाडीचा गिअरबॉक्स वेगळा आणि रेडी-टू-रन (तयार जोडून आलेल्या) गाडीचा वेगळा, रेडी-टू-रनमध्ये जुना तीन गिअरचा होता, म्हणजे आत तीन दातेरी चाकं, तीन वेग नाही. बऱ्याच एलसीजी स्किड त्या तीन गिअरच्या गिअरबॉक्ससाठी भोकं पाडलेल्या असतात. तुमच्याकडे किटवाला असेल तर एकतर स्किड वेगळी लागेल नाहीतर गिअरबॉक्स. दुसरं, स्किड बरोबर येते की वेगळी घ्यायची. तिसरं, शॉक टॉवर चॅसिसमध्येच कापलेले आहेत की जुने वापरायचे. चौथं, बॅटरी ट्रे आणि सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) बसवायचा माउंट. आणि साइड प्लेटची जाडी, ३ मिमीपेक्षा पातळ कार्बन मी एक दशांश मापाच्या (१/१०) गाडीला घेत नाही, आपटून आपटून कडा फुटतात.

मटेरियलबद्दल माझं मत सांगतो. कार्बन हलकं आणि ताठ. ॲल्युमिनियम स्वस्त पडतं, वाकलं तर सरळ करता येतं, पण दगडावर घासलं की चिकटल्यासारखं होतं. जी१० म्हणजे फायबर ग्लासची शीट, ती कार्बनपेक्षा थोडी जड आणि लवचीक, मार जास्त खाते. आणि स्किड मात्र डेलरिन किंवा तसल्याच गुळगुळीत प्लास्टिकची घ्या, धातूची नको, कारण एलसीजीमध्ये पोट खाली असतं आणि ते दगडावर टेकणारच, टेकल्यावर घसरत पुढे गेलं पाहिजे. लोक विचारतात पोट खाली गेलं तर अडकणार नाही का? अडकतं, पण स्किड सपाट आणि गुळगुळीत असेल तर पुढची चाकं ओढून नेतात. माझ्या गाडीचं पोट आता जमिनीपासून ६० मिमीवर आहे, आधी यापेक्षा बरंच वर होतं, तरी अडकायचं प्रमाण वाढलेलं नाही.

सामान फार लागत नाही. दीड, दोन आणि अडीच मिमीचे चांगल्या स्टीलचे हेक्स ड्रायव्हर, इथे पैसे वाचवू नका कारण स्वस्त टोकाने स्क्रूचं डोकं गोल झालं की अर्धा दिवस गेला. चाकाच्या एम४ नटला ७ मिमीचा पाना, एम३ नटला साडेपाचचा. निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद). एम३ चे ६, ८, १०, १२, १४ मिमी लांबीचे स्टेनलेस स्क्रू प्रत्येकी दहा-वीस, कारण किटमधले कधीच पुरत नाहीत, माझ्या किटमध्ये स्पेसरचे चार स्क्रू २ मिमीने तोकडे निघाले आणि विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम.

खोलायच्या आधी फोटो काढा, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, आणि वायर कुठून कुठे गेलीय त्याचे जवळून. मग बॉडी, बॅटरी, इलेक्ट्रॉनिक्स, बंपर आणि स्लायडर काढा, शॉक वरच्या टोकाला सोडा, लिंक चॅसिसच्या बाजूला सोडा, म्हणजे दोन्ही एक्सल आपापल्या लिंकसकट अखंड बाहेर येतात. अंड्यांचा ट्रे घेऊन एकेका खळग्यात एकेका जागेचे स्क्रू टाका, वर कागदाची चिठ्ठी. स्टॉक चॅसिसचे सगळे स्क्रू परत जुन्या चॅसिसलाच लावून ठेवलेत तर अजून बरं, पुढेमागे परत मूळ रूपात न्यायची झाली तर शोधाशोध नाही.

कार्बन प्लेट पाकिटातून काढून लगेच लावायच्या नाहीत. त्यांच्या कडा धारदार असतात, वायरचं कव्हर कापतात, आणि कार्बनमधून वीज वाहते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणजे कापलेली पॉझिटिव्ह वायर प्लेटला लागली की शॉर्ट. कडा घासून गोल करायच्या, पण कोरड्या घासू नका, ती धूळ फुफ्फुसात जायला नको. पाण्याच्या टबात प्लेट बुडवून ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा, तोंडाला मास्क, हातात मोजे. पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. वाळल्यावर कडेला फेविक्विकचा पातळ थर फिरवा, कापडाने नाही तर कॉटन बडने, म्हणजे थर सुटत नाहीत आणि पाणी आत शिरत नाही. एक संध्याकाळ जाते यात.

मग कोरडी जुळणी, थ्रेडलॉक न लावता. साइड प्लेट, स्किड, मधले स्पेसर, सगळे स्क्रू अर्धवट फिरवून ठेवा. आता सपाट जागा पाहिजे, आणि घरात सगळ्यात सपाट जागा म्हणजे ओट्याचा कडप्पा. चॅसिस त्यावर ठेवा, चारी कोपरे दाबून बघा, डुगडुगते का. डुगडुगत असेल तर सगळे स्क्रू परत ढिले करा, हाताने दाबून धरा आणि फुलीच्या क्रमाने आवळा, पुढचा डावा, मागचा उजवा, असं. पिळलेली चॅसिस नंतर कितीही शॉक ॲडजस्ट केलेत तरी एका बाजूला झुकते आणि माणूस स्प्रिंग बदलत बसतो. सरळ झाली की एकेक स्क्रू काढून थ्रेडलॉक लावून परत बसवा, एका वेळी एकच. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जातो तिथे. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला नाही, प्लास्टिक तडकतं.

स्किडचे खालचे स्क्रू चपट्या डोक्याचे असतात, ते पूर्ण आत बसलेत का ते नखाने तपासा. अर्धा मिमी जरी बाहेर राहिला तरी प्रत्येक दगड त्यालाच पकडतो.

गिअरबॉक्स बसवताना मोटर कुठल्या बाजूला येते ते बघा, शक्य असेल तर पुढे घ्या. ५५ टर्नची साधी मोटरसुद्धा चांगली जड असते, ती गिअरबॉक्सच्या मागून पुढे आली की वजनाची टक्केवारी लगेच हलते. गिअरबॉक्स उलटा फिरवला तर गाडी उलटी पळेल, तेव्हा मोटरच्या दोन वायर अदलाबदल करायच्या किंवा सेन्सरवाली ब्रशलेस असेल तर ईएससीच्या सेटिंगमध्ये दिशा बदलायची. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागणारा मोठा) गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, मोटर आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा, घड्या पडल्या पण फाटली नाही म्हणजे मेश (दातांची पकड) बरोबर. जागा अगदीच कमी असेल तर हॉबीविंगच्या फ्यूजनसारखी मोटर आणि ईएससी एकाच डब्यात असलेली मिळते, एलसीजीसाठी फार सोयीची, एक डबा आणि त्याच्या वायरी कमी.

आता लिंक. मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला आणि तो दिल्याचं वाईट वाटत नाही. एलसीजी स्किडवर लिंकची भोकं स्टॉकपेक्षा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे जुन्या लिंक लावल्या की व्हीलबेस बदलतो आणि चाकं फेंडरच्या मध्यावर येत नाहीत. आधी व्हीलबेस ठरवा, तुमच्या बॉडीच्या चाकांच्या कमानींवरून. मग खालच्या लिंक त्या मापाने घ्या. माप भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत. थ्रेडेड रॉड आणि प्लास्टिकच्या रॉड एंडने स्वतः बनवता येतात, पण मी खालच्या लिंक स्टीलच्या घेतल्या, त्या दगडावर आपटतात आणि त्यांचं वजन तळाशीच असतं. वरच्या ॲल्युमिनियम चालतात.

वरच्या लिंकची लांबी एक्सल किती फिरलाय ते ठरवते. मागे सोपं, डिफरन्शियलची पिनियन गिअरबॉक्सच्या आउटपुटकडे बघेल इतकी वर करा, शाफ्टचा कोन कमी होतो. पुढे तसं करायला गेलात तर कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचा मागे झुकाव) जातो, म्हणजे नकल (तेच सांधे) पुढे झुकतात आणि स्टिअरिंग विचित्र वागतं. म्हणून पुढे पिनियन थोडी वर आणि कॅस्टर थोडा शिल्लक, असा मध्य काढावा लागतो. माझ्या गाडीला पुढे साधारण ५ अंश कॅस्टर ठेवलाय.

मागच्या वरच्या लिंकला चॅसिसच्या बाजूला दोन-तीन भोकं असतात, एकावर एक. ती शोभेची नाहीत. चॅसिसकडचं टोक खालच्या भोकात लावलं की वरची आणि खालची लिंक बाजूने बघितल्यावर पुढे जाऊन लवकर एकमेकींना भेटतात, अँटी-स्क्वॉट वाढतो, म्हणजे थ्रॉटल दिला की मागची बाजू वर उचलली जाते. थोडा असावा, त्याने टायर जमिनीवर दाबला जातो. जास्त झाला तर उभ्या चढावर गाडी मागून उंच होते, टुणटुण उड्या मारते आणि पाठीवर पडते. मी सगळ्यात खालच्या भोकापासून सुरुवात केली होती आणि पुण्याच्या वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत एका पायरीसारख्या कातळावर सलग पाच वेळा गाडी पाठीवर पडली. बरोबर भाचा होता, तो खाली वाकून बाजूने बघत होता. म्हणाला, "मामा, थ्रॉटल देतोस ना तेव्हा मागची बाजू आधी वर येते, मग पडते." तिथेच स्क्रू काढला, वरच्या भोकात घातला, दुसऱ्या प्रयत्नात गाडी वर. तेव्हापासून मी चढाची चाचणी दुसऱ्या कोणालातरी बाजूने बघायला लावून करतो, ड्रायव्हर मागे उभा असतो, त्याला हे दिसतच नाही.

आता स्प्रिंग काढून टाका. शॉक नुसते, आत स्प्रिंग नाही, असे लावा आणि गाडी हाताने पूर्ण दाबा, पूर्ण उचला, एक चाक वर एक खाली असं पिळा, चारी बाजूंनी. काय कशाला लागतंय ते शोधायचं. शाफ्ट चॅसिसला घासतोय का, टायर शॉकला लागतोय का, लिंकचं टोक अडतंय का. प्रोपेलर शाफ्ट पूर्ण दबल्यावर आत अडकता कामा नये आणि पूर्ण लोंबकळल्यावर बाहेर येता कामा नये, कमीत कमी १० मिमी तरी एकात एक राहिला पाहिजे. लांब असेल तर करवतीने कापा, आखूड असेल तर नवीन आणा, जुगाड करू नका, चढावर निखळतो. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे कान) एका रेषेत ठेवा, नव्वद अंशांनी फिरलेले असले तर थरथरतो. स्प्रिंगशिवाय ही तपासणी दहा मिनिटांची, आणि नव्या चॅसिसच्या निम्म्या तक्रारी इथेच सापडतात.

स्टिअरिंग. स्टॉकमध्ये सर्वो चॅसिसवर असतो आणि पुढे पॅनहार्ड रॉड (एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी) असतो. दिसायला खऱ्या गाडीसारखं, पण त्याला एक अट आहे, ड्रॅग लिंक (सर्वोपासून चाकाकडे जाणारी दांडी) आणि पॅनहार्ड शक्यतो सारख्या लांबीचे आणि एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर सस्पेन्शन खालीवर झालं की चाकं आपोआप वळतात, बंप स्टिअर म्हणतात त्याला. एलसीजी चॅसिसमध्ये बऱ्याचदा सर्वो एक्सलवर नेतात, पुढे वर दोन लिंक लावतात, पॅनहार्ड जातो. मी तेच केलं. बंप स्टिअरचा प्रश्नच संपला, आणि सर्वोचं वजन चाकाच्या पातळीवर, पुढे, म्हणजे पाहिजे तिथेच गेलं. खऱ्या गाडीसारखं दिसणं ज्यांना जवळचं आहे त्यांनी चॅसिसवरच ठेवावा, त्यात चूक काही नाही. टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारी दांडी) मात्र एक्सलच्या मागे घ्या, पुढे असेल तर प्रत्येक दगड आधी त्यालाच भेटतो.

एक्सलवरच्या सर्वोची वायर लांब लागते. एक्सटेन्शन जोडून पुढचं एक्सल पूर्ण पिळा आणि बघा वायर ताणली जात नाही ना, वरच्या लिंकला दोन ठिकाणी झिप टायने बांधा. सर्वो २५ किलो ताकदीच्या वरचा घ्या, दगडात चाक अडकलेलं असताना वळवायचं असतं. आणि ईएससीचा बीईसी (सर्वो आणि रिसिव्हरला वीज देणारा भाग) त्याला पुरतो का ते बघा, पुरत नसेल तर चाक अडकून सर्वो जोर लावतो तेव्हा रिसिव्हर क्षणभर बंद पडतो, गाडी थबकते आणि माणूस ईएससीला दोष देतो. वेगळा बीईसी लावला की थांबतं.

शॉकबद्दल फार लांबण लावत नाही. वजन कमी झालंय म्हणून जुन्या स्प्रिंग आता ताठ वाटतील, एक पायरी मऊ घ्या. गाडी स्वतःच्या वजनाने निम्म्याच्या थोडी आत बसली पाहिजे, म्हणजे खड्ड्यात चाक खाली जायला जागा राहते. मी पुढे-मागे दोन्हीकडे ३० वजनाचं सिलिकॉन तेल ठेवलंय, मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा मऊ. थ्रॉटल दिल्यावर गाडी एका बाजूला पिळते, शाफ्टच्या फिरण्यामुळे, त्याला मागच्या त्या बाजूच्या शॉकचा कॉलर एक-दोन मिमी फिरवून थोडं आवरता येतं.

बॅटरी पुढे आणि खाली, बस. पण खाली म्हणजे एक्सल वर आल्यावर सर्वो तिच्यावर आपटणार नाही इतकी. मोठी २ सेलची लांब बॅटरी असेल तर ती बहुधा बसणारच नाही, ३ सेलची १५०० एमएएच माझ्या ट्रेमध्ये बरोबर बसते, तासभर तरी सहज चालते कारण क्रॉलर हळूच चालतो. ३ सेल लावण्याआधी ईएससी, मोटर आणि बीईसी ११.१ व्होल्टला चालतात का ते तपासा, आणि ईएससीमध्ये लिपो कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी गाडी थांबवणारी सोय) चालू आहे ना तेही. ईएससी साइड प्लेटच्या आतल्या बाजूला दुहेरी टेपने. रिसिव्हरची अँटेना कार्बनला चिकटवून टेपू नका, कार्बन सिग्नल अडवतो, छोट्या नळीतून उभी बाहेर काढा. वायर जिथे कार्बनच्या कडेवरून जाते तिथे हीट श्रिंक चढवा, कडा कितीही घासल्या असल्या तरी.

बॉडी बसवणं मला सगळ्यात कंटाळवाणं वाटलं. चॅसिस खाली गेली म्हणजे जुने पोस्ट तोकडे, आणि बॉडीसुद्धा खाली आणायची असते नाहीतर अर्धा फायदा गेला. माझ्याकडे जड एबीएस प्लास्टिकची बॉडी होती, ती तशीच लावली तेव्हा फळीवर ४३ अंश आले. तिच्या जागी लेक्सनची (पॉलीकार्बोनेटची) पातळ बॉडी घेतली. बॉडी गाडीवर नुसती ठेवा, सस्पेन्शन पूर्ण दाबा, टायर पूर्ण वळवा, जिथे लागतं तिथे मार्करने खूण, वाकड्या कात्रीने थोडं थोडं कापा, परत ठेवा. एकदम मोठं कापलं की परत जोडता येत नाही. कडा सँड पेपरने साफ करा, नाहीतर तिथून तडा जातो. पोस्टऐवजी मी साइड प्लेटवर छोटे कंस लावून त्यावर वेल्क्रो वापरलाय, क्लिप दिसत नाहीत आणि बॅटरी बदलताना बॉडी एका हाताने निघते.

मग पितळ. चॅसिस झाल्यावरच याच्याकडे वळा, आधी नाही, कारण वजन कुठे कमी पडतंय हे त्याशिवाय कळत नाही. पुढच्या एक्सलला पितळी नकल आणि चाकात पितळी रिंगा, फक्त पुढे. मागे काही नाही. आता फळीवर ४८ अंश, म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी साधारण १०४ मिमी, एकूण वजन २५५० ग्रॅम, पुढे १५५०, जवळपास ६१ टक्के. पितळ जितकं वाढवाल तितका एक्सल शाफ्ट आणि सर्वोवर ताण, म्हणून एका मर्यादेनंतर मी थांबलो. ज्यांना अजून चढायचं असेल त्यांनी मागच्या एआर४४ एक्सलमध्ये ३० आणि ८ दातांच्या जोडीऐवजी ३३ आणि ८ ची बघा, पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरतात, गाडी पुढून ओढली जाते आणि वळतेही लहान जागेत. फक्त सपाट सिमेंटवर जास्त चालवू नका, दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात.

पहिल्या दिवशी अवघड दगडावर नेऊ नका. घराजवळ एखादा मातीचा ढिगारा, चार दगड, अर्धी बॅटरी. मोटर आणि ईएससीला हात लावून बघा किती तापलंय. मग घरी आणून प्रत्येक स्क्रू तपासा, विशेषतः स्किडचे, लिंकचे आणि चाकांचे, नवीन चॅसिसवर पहिल्या बॅटरीत एक-दोन तरी ढिले होतातच. दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीनंतर परत.

त्यानंतर एका ठरलेल्या दगडावर सेटिंग करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चढावर पुढची चाकं हलकी होतायत, तर बॅटरी अजून पुढे. मागून उड्या मारतेय, तर मागची वरची लिंक चॅसिसला वरच्या भोकात. आडव्या उतारावर कलंडतेय, तर आधी राइड हाइट (गाडीची जमिनीपासून उंची) ५ मिमीने कमी करून बघा, मग स्प्रिंग. पोट सारखं टेकतंय, तर उलट. उतरताना शेपूट पुढे येतेय, तर ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) शंभर टक्के आहे ना ते बघा, आणि वजन फारच पुढे गेलंय का तेही. आपला काळा दगड कोरडा असताना टायरला मस्त धरतो आणि पावसात शेवाळ धरलं की साबण होतो, म्हणून कोरड्यात केलेली सेटिंग जूनमध्ये तशीच चालेल असं धरू नका, मी पावसाळ्यात टायरमधला फोम मऊ घालतो आणि बाकी काही हलवत नाही. पाण्यातून आणल्यावर चाकं काढून बेअरिंगमध्ये तेलाचा एकेक थेंब, आणि स्किड उघडून आत अडकलेली माती काढा, एलसीजीमध्ये गिअरबॉक्सखाली गाळ साचायला जागा असते आणि तो वाळला की स्पर गिअर खातो.